दोन डाव्या बाह्या

आमच्या दुकानात नियम एकच आहे आणि तो मी मोडला. खडू लागला की कापडाला कुणी हात लावायचा नाही. मास्तरांनी कापड टेबलावर पसरलं, खडूने आखलं, की कात्री फिरेपर्यंत ते कापड त्यांचं. टेबलाला आग लागली तरी आधी मास्तरांना विचारायचं आणि मग पाणी ओतायचं. एकतीस वर्षं मी हा नियम पाळला. बत्तिसाव्या वर्षी एका सुरकुतीपायी घात झाला.

मास्तर म्हणजे आमचे हे. कोट-पँटचे कटर. गिऱ्हाइकं, शेजारी, शिलाई मशिन दुरुस्त करणारा, सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून लग्नानंतर महिन्याभरात मीही म्हणायला लागले. कापायचं त्यांनी, आणि काज-बटण, हातशिलाई, इस्त्री माझ्याकडे. ते मला घाईबाई म्हणतात. का म्हणतात ते पुढे कळेलच.

चौकात चष्म्याचं दुकान असलेले गृहस्थ आमचे जुने गिऱ्हाईक. ते एक राखाडी कापड घेऊन आले. त्यांच्या थोरल्या भावाने वारण्याआधी दिलेलं, पंधरा वर्षं कपाटात ठेवलेलं. गिरणी कधीच बंद पडली होती, म्हणजे कमी पडलं तर तसलं कापड दुसरीकडे मिळणार नव्हतं. मास्तरांनी दोन दिवस नुसतं ते कापड न्याहाळलं आणि तिसऱ्या दिवशी कापायला घेतलं. पाठ कापली, पुढचे भाग कापले. बाह्यांसाठी दोन तुकडे उरले.

आता बाही कशी कापतात ते सांगते, म्हणजे माझा पराक्रम नीट कळेल. दोन तुकड्यांच्या सुलट्या बाजू समोरासमोर करून ते एकावर एक ठेवायचे. वर एकाच बाहीचा आकार आखायचा. कात्री एकदाच फिरते आणि दोन बाह्या निघतात, एक डावी, एक उजवी. मास्तरांनी तसं ठेवलं, आखलं आणि बाहेर कुणाचं तरी माप घ्यायला गेले. मी बाजूलाच इस्त्री करत होते. खालच्या तुकड्याची कड बाहेर आली होती आणि तिच्यावर एक सुरकुती होती. मास्तरांना ती दिसली असती तर ते सगळं परत मांडत बसले असते आणि दुपार त्यातच गेली असती. इस्त्री तर माझ्या हातात तापलेली होती. मी खालचा तुकडा अलगद ओढून घेतला. इस्त्री उलट्या बाजूने करतात, तशी केली, आणि इस्त्रीच्या टेबलावर जसा होता तसाच उचलून वरच्या तुकड्याखाली सरकवून दिला. कडा जुळवल्या. अर्ध्या मिनिटाचं काम.

तुकडा उलटा गेला हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

चार दिवसांनी चष्मेवाले कोटाच्या ट्रायलला आले. मास्तर दुसरी बाही टाचायला बसले आणि थांबले. ती त्यांनी फिरवून पाहिली, उलटी करून पाहिली, पहिलीवर ठेवून पाहिली.

"दोन्ही डाव्या आहेत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

माझ्या हातात सुई होती. सुरकुती, इस्त्री, सरकवलेला तुकडा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. मी तोंड उघडणार तोच मास्तर उठले आणि चष्मेवाल्यांसमोर उभे राहिले.

"साहेब, माझी चूक झाली. माझ्या हातून आजवर असं झालं नव्हतं."

आणि मी मूग गिळून बसले. परक्या माणसासमोर कुठे तमाशा, असं स्वतःला सांगितलं. चष्मेवाले भला माणूस. त्यांनी कापडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, बाह्या नकोतच. जाकीट करा." कोट शिवायला आले आणि जाकीट घेऊन गेले. वर आभार मानून गेले, ते मला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी कात्रीला तेल लावलं, मऊ कापडात गुंडाळली आणि खालच्या खणात ठेवली. ती कात्री माझ्या सासऱ्यांची. सासरेही कटरच होते. शेवटच्या वर्षांत त्यांचं डोकं चालेनासं झालं. आधी एका गिऱ्हाइकाला तीन बाह्यांचा शर्ट शिवून दिला, आम्ही हसलो. मग एके दिवशी खिडकीचे पडदे कापून त्यांच्या कॉलर केल्या, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. त्यांच्या हातातून कात्री काढून घ्यायचं काम मास्तरांवर आलं. म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला होता.

"बाबांचंही बाहीपासूनच सुरू झालं होतं," मास्तर खण लावताना म्हणाले.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडावर आलं होतं. मग वाटलं, उद्या सकाळी शांतपणे सांगू. सकाळी वाटलं, काल का नाही सांगितलं असं विचारतील. तिसऱ्या दिवशी एका चुकीच्या दोन झाल्या, बाहीची आणि गप्प बसण्याची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकून झाकून हाताला मुंग्या आल्या होत्या.

कापायची कामं आम्ही धाकट्या भावजींच्या दुकानात पाठवायला लागलो. मी पँट आखूड करणं, चेन बदलणं असली किरकोळ कामं घेऊ लागले. मास्तर दुकानात येत आणि आपल्याच टेबलापाशी गिऱ्हाइकासारखे बसून राहत. लेक दवाखान्यात नर्स आहे, ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणून घेतले आणि काही नाही म्हणून सांगितलं.

"तुझ्या आजोबांच्या डॉक्टरांनीही आधी हेच सांगितलं होतं," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा टेबलापाशी जाऊन बसले.

मग लेकीने एक कोरी वही आणि काळी पेनं आणली. "बाबा, याला मंडला म्हणतात. मधे एक ठिपका, त्याच्याभोवती गोल, गोलाभोवती पाकळ्या, मग परत गोल, परत पाकळ्या. आमच्याकडे पेशंट काढतात. मन शांत होतं."

"माझं मन शांतच आहे," मास्तर म्हणाले.

"मग हाताला काम म्हणून काढा."

हे त्यांना पटलं. पण कटर तो कटर. त्यांनी वही बाजूला सारली आणि पॅटर्नचा खाकी कागद घेतला. तो दुमडला, परत दुमडला, परत दुमडला, वर पाकळीची एकच कड काढली आणि कागदावर टोचे पाडणारी आमची दातेरी चाकी तिच्यावरून फिरवली. घडी उलगडली तर सगळीकडे ठिपक्यांच्या पाकळ्या तयार. लेक हसत सुटली. "बाबा, ही लबाडी आहे! एकेक पाकळी हाताने काढायची. त्यातच सगळं आहे."

मास्तर मात्र त्या उलगडलेल्या कागदाकडे बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं. "बघ गं. घडी नीट असली की डावं-उजवं आपोआप होतं. चुकायला जागाच नाही." बोट त्यांनी घडीच्या रेघेवर ठेवलं होतं. "तरी चुकलो."

मी चहा टाकायला गेले. चहा नुकताच झाला होता.

त्या दिवसापासून ते वहीत हाताने काढायला लागले. रोज दुपारी, दोन ते चार. आधी कंपासने गोल, मग पेन. पहिल्या आठवड्यात पाकळ्या वाकड्यातिकड्या होत्या, कॉलरची टोकं असल्यासारख्या. मग हात बसला. आठ पाकळ्या, त्यांच्या फटीत सोळा, सोळांच्या फटीत बत्तीस, आणि मधल्या जागांत इतकं बारीक काम की मला चष्मा लावून बघावं लागे. काज करताना माझ्या मनात स्वयंपाक, वीजबिल, लेकीची रात्रपाळी असं सगळं चालू असतं. मास्तर पाकळी काढताना फक्त पाकळी काढत. त्यांचा श्वाससुद्धा पेनाबरोबर चाले. रेघ संपली की श्वास सुटे.

मी त्यातले दोन कागद ट्रायल रूमच्या आरशाशेजारी लावले. लोक कपडे बदलायला आत जात आणि पाच-पाच मिनिटं बाहेर येत नसत. चष्मेवाले जाकीट घालून आले, चष्मा वर करून, मग खाली करून त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हाला छान छंद लागला."

खरं सांगते, मला बरं वाटायला लागलं होतं. मास्तर दुपारी चिडचिड करत नव्हते, गिऱ्हाइकांची मापं घेऊन कंबर दुखत नव्हती. मी स्वतःला समजवायची की आता सांगून काय उपयोग? माणूस शांत झालाय. कशाला खपली काढायची? चोर आपल्या सोयीचं किती छान बोलतो ते मला त्या चार महिन्यांत कळलं. पण खाई त्याला खवखवे. दुपारी ते पेन हातात घेत आणि मी सुईत दोरा ओवत बसे. डोळे चांगले असून तीन-तीनदा चुके.

मग एका शुक्रवारी ते अठ्ठेचाळीस पाकळ्यांचा मोठा मंडला काढत होते. शेवटच्या पाकळीशी आले आणि पेन थांबलं. जागा उरली होती. त्यांनी पेनाच्या टोकाने मोजलं, सगळ्या पाकळ्या. मग परत एकदा, उलट बाजूने.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले.

"होतं की. एवढ्या पाकळ्यांत एखादी राहणारच."

तोंडाचा रंग उतरला होता. त्यांनी वही मिटली, फोन घेतला आणि भावजींना लावला. "रविवारी अकराला ये. बाबांची कात्री घेऊन जा. टेबलही बघ, तुला लागत असेल तर." तिकडून भावजी काहीतरी बोलत असावेत. "नाही रे. ठरलं. ती माझ्या हातातून कुणी काढून घ्यायची वेळ येण्याआधी मीच देतो. बाबांना रडताना मी पाहिलंय. माझ्या लेकीला ते बघायला लागू नये."

फोन ठेवून ते परत येऊन बसले. मी विचारलं, "एका पाकळीसाठी?"

"पाकळीसाठी नाही," ते म्हणाले.

शनिवार माझा कसा गेला ते मलाच माहीत. मी तीन काजं चुकीच्या बाजूला पाडली. रविवारी सकाळी आंघोळ करून मास्तरांनी खण उघडला, गुंडाळी बाहेर काढली, कात्री पुसली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. दहा वाजले होते. मी वर्तमानपत्राचे दोन तुकडे फाडले आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले.

"मास्तर, हे बघा. हा वरचा, हा खालचा. सुलट्या बाजू समोरासमोर. खडू लागलाय. तुम्ही बाहेर गेलात." मी खालचा तुकडा ओढून काढला. "इथे सुरकुती होती. मी इस्त्री केली. आणि हा असा परत सरकवला."

ते कागदांकडे बघत होते.

"इस्त्री केली तशीच?" त्यांनी विचारलं. "उलटी बाजू वर?"

"उलटी बाजू वर."

"म्हणजे दोन्ही तुकडे एकाच अंगाला."

"हो."

त्यांनी स्वतः हात घालून खालचा कागद बाहेर काढला, पालटला, परत घातला, परत काढला. एखादी शिवण उसवून कुठे ताण आलाय ते बघावं तसं. तुकडा कुठे पालटला ते नीट दिसेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग पाहिलं.

"चार महिने," ते म्हणाले.

"हो."

"मी पाकळ्या मोजतोय चार महिने."

मला कळलं नाही. त्यांनी मंडलाची वही घेतली, उलटी केली आणि माझ्यासमोर पानं उलटायला लागले. प्रत्येक मंडलाच्या पाठीमागे, कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक तारीख आणि तिच्यापुढे एक आकडा. शून्य. शून्य. शून्य. पाकळ्या मोजायच्या, रेघा तपासायच्या, किती चुका झाल्या ते लिहायचं. एकशे चार पानं. शेवटच्या पानावर, शुक्रवारच्या तारखेपुढे, एक.

ज्याला मी छंद समजत होते ती परीक्षा होती. दोन ते चार हा माणूस शांत बसलेला नव्हता, आपलं डोकं शाबूत आहे की नाही ते तपासत होता. त्या सगळ्या नक्षीखाली भीती होती, आणि मी ती कौतुकाने आरशाशेजारी लावली होती. मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही, पण तोंड पदरात घालून रडले. मास्तर बसून राहिले. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि ते बरोबरच होतं.

अकराला भावजी आले. दारातच त्यांना काहीतरी बिनसलंय हे कळलं. "दादा, विचार बदललाय का? मी काही मागत नव्हतो..."

मास्तरांनी कात्री उचलली, अंगठा धारेवरून हळूच फिरवला आणि त्यांच्या हातात दिली.

"धार लावून आण," ते म्हणाले. "तुझ्या त्या नेहमीच्या माणसाकडून नको, तो घासून टाकतो. बाजारातल्या म्हाताऱ्याकडे जा."

भावजी कात्री घेऊन गेले. गोष्ट इथे संपली असती तर मला सोयीचं झालं असतं. पण मास्तर माझ्याशी नऊ दिवस बोलले नाहीत. जेवले, दुकानात आले, कापलं. कापण्याआधी दर वेळी खालचा तुकडा उचलून सुलटी बाजू बघत आणि मग एकदा माझ्याकडे बघत. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं. वहीला त्यांनी हात लावला नाही. मी आपणहून चष्मेवाल्यांकडे गेले आणि चूक कुणाची ते सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, जाकीटच बरं आहे. काम करताना बाह्या काउंटरला घासत नाहीत." मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "मास्तरांना सांगितलंत ना? मग झालं." त्यांचं झालं असेल. माझं व्हायचं होतं.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू ना..." आणि पुढचं वाक्य तिने गिळलं. एवढंच पुरेसं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी मी काज करत होते. दोन वाजले. खण उघडल्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही. कंपास टेकल्याचा, मग पेनाचा आवाज. बऱ्याच वेळाने मला राहवलं नाही, उठून मागे जाऊन उभी राहिले. मंडला मोठा होता, पण नेहमीसारखा कसलेला नव्हता. कुठे पाकळी जाड, कुठे बारीक. बाहेरच्या वेढ्यात ते शेवटाला आले होते. मी मनात मोजलं. एवढे दिवस त्यांनी मोजलं होतं, आता ती खोड मला लागली होती.

"मास्तर," मी हळूच म्हटलं. नऊ दिवसांनी मीही पहिल्यांदाच हाक मारत होते. "तेवीसच झाल्यात. चोवीस हव्यात ना?"

त्यांनी पाहिलं. दोन पाकळ्यांमध्ये एक रुंद फट उरली होती. नेहमीच्या मापाची पाकळी तिथे बसवली असती तर विरळ दिसली असती.

"हव्यात," ते म्हणाले. आणि त्या जागेत त्यांनी पाकळी काढली, नेहमीपेक्षा रुंद, खांद्याकडे जरा मोकळी. "शेवटची थोडी सैल घेतली की झालं. अंगाला बसते."

मग त्यांनी पान उलटलं. मी पेन्सिलीची वाट बघत उभी होते. त्यांनी पाठीमागच्या कोऱ्या पानावर एकदा हात फिरवला, कापड सारखं करावं तसा, आणि पान परत सुलटं केलं. काही लिहिलं नाही.

हिशेबाच्या वहीतलं लाल पेन त्यांनी माझ्यापुढे सरकवलं.

"बस. बाहेरच्या पाकळ्या रंगव," ते म्हणाले. "आणि घाईबाई, सावकाश."